पितळी बिल्ला आणि एक छोटी फाईल

लहानपणी आमच्या घरी दसऱ्यापेक्षा खंडेनवमीची वाट जास्त पाहिली जायची. बाबा चिंचवडला एका कारखान्यात टर्नर होते आणि वर्षातल्या त्या एकाच दिवशी घरच्या माणसांना कारखान्यात सोडायचे. एरवी तेलाने माखलेल्या लेथ त्या दिवशी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभ्या असायच्या. बाबा आपल्या मशिनशेजारी इस्त्रीच्या शर्टात उभे राहायचे. आम्ही पेढे खायचो.

मला मात्र मशिनपेक्षा टूल रूमची खिडकी आवडायची. आत भिंतीला मोठी फळी, फळीवर ओळीने हूक, आणि काही हुकांवर पितळी बिल्ले लटकलेले. प्रत्येक कामगाराकडे स्वतःचा नंबर कोरलेले चारपाच बिल्ले असत. मायक्रोमीटर हवा असला की खिडकीवर बिल्ला द्यायचा आणि मायक्रोमीटर घ्यायचा. तो जिथे टांगलेला होता त्या हुकावर मग बिल्ला जायचा. पाळी संपली की हत्यार परत, बिल्ला परत. खिडकीवरचे काका हत्यार देण्याआधी ते पुसायचे, शून्यावर शून्य येतं का ते पाहायचे, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरची तपासणीची तारीख वाचायचे आणि मगच पुढे सरकवायचे.

“बाबा, म्हणजे तुमचं स्वतःचं हत्यार एकही नाही?” मी एकदा विचारलं होतं.

“हात आहेत की,” बाबा म्हणाले होते.

आज मी सॉफ्टवेअर लिहिते. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं आणि एकदम जाणवलं, की मी ज्यांच्या जोरावर काम करते ती हत्यारं या लॅपटॉपमध्ये मुळात राहतच नाहीत. लॅपटॉप हा नुसता ओटा. कामाला बसले, एक कमांड दिली, की हत्यारं कुठून तरी येतात आणि काम सुरू होतं. ती कुठून येतात, कुणाच्या हातून येतात आणि आणताना बिल्ला कोण लावतं, हे मला दहा वर्षांत दोनदा अंगावर बसल्यामुळे शिकावं लागलं. त्या दोन धड्यांच्या मधला जो इतिहास आहे, तो सांगायचा आहे.

“ते सगळ्यांकडे असतंच”

पहिला धडा २०१३ सालचा. पहिली नोकरी, पहिला आठवडा. माझ्या हातात ३१ पानांची एक वर्ड फाईल दिली गेली. नवीन माणसाने आपला कॉम्प्युटर कामाला कसा तयार करायचा याची कृती त्यात होती. हे इन्स्टॉल करा, ते इन्स्टॉल करा, मग काळ्या पडद्यावर अमुक कमांड टाइप करा.

काळा पडदा म्हणजे कमांड लाइन. फोनवर आपण चित्रावर बोट ठेवतो. इथे प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर दाबायचं. प्रोग्रामरची बरीचशी हत्यारं अशीच असतात. त्यांना खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. एक हत्यार कोड नीटनेटका मांडून देतं, दुसरं डेटाबेसची रचना बदलतं, तिसरं एखाद्या वर्णनावरून शेकडो ओळींचा कोड आपोआप लिहून देतं.

सतराव्या पायरीवर मी अडले. कमांड टाइप केली की उत्तर यायचं, अशी कमांड सापडत नाही. ज्या फोल्डरमधून ते हत्यार घ्यायचं होतं ते फोल्डर कधीच हलवलं गेलं होतं. मी तीन दिवस अडून बसले. विचारायची लाज वाटत होती, कारण आजूबाजूचे सगळे भराभर काम करत होते. आपल्याला चार वर्षं इंजिनिअरिंग करून एक साधी कमांड चालवता येत नाही, म्हणजे आपण या कामाच्याच नाही, असं मी चौथ्या दिवशी सकाळी बसमध्ये ठरवून टाकलं होतं. शेवटी समोरच्या सीनिअरला विचारलं. त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, “अगं, ते सगळ्यांकडे असतंच.”

त्याच्या मशिनवर ते तीन वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून दिलं होतं. कधी, कुठून, कोणती आवृत्ती, त्याला आठवत नव्हतं. पेन ड्राइव्हने त्याने ते माझ्या मशिनवर टाकलं आणि पाच मिनिटांत माझं काम सुरू झालं. तीन दिवसांत माझ्या मनाला जे लागलं होतं ते मात्र बराच काळ तसंच राहिलं. टूल रूमच्या फळीवर हूक होता, पण कुठलं हत्यार कुणाकडे आहे याची नोंद नव्हती.

एका वाया गेलेल्या सकाळी

कामगाराच्या आठवणीवर विसंबायचं नाही, यंत्रालाच आठवू द्यायचं, ही कल्पना आपल्या धंद्यात चांगली पन्नास वर्षं जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाचा तरुण संशोधक काम करत होता. त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्याच्या खोलीत आला. त्याची पूर्ण सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्राम. फेल्डमनची आदली संध्याकाळही नेमकी अशीच गेली होती.

त्यातून त्याने शनिवार-रविवारात ‘मेक’ नावाचं हत्यार लिहिलं. कल्पना साधी होती. कोणती गोष्ट कशापासून बनते हे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं. मग ‘मेक’ सगळ्या फाइलींच्या वेळा तपासतं आणि जेवढं शिळं झालंय तेवढंच पुन्हा बनवतं. बाकीच्याला हात लावत नाही. पोळी करायची तर कणीक मळलेली हवी. मळलेली असेल तर पुन्हा मळायची नाही. आजही जगभर ‘मेक’ वापरलं जातं. फेल्डमनला त्यासाठी २००३ सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

या कथेत पुढचं सगळं बीजरूपाने आहे. माणूस विसरतो. तेव्हा काम चालवण्याआधी लागणारं सगळं जागेवर आहे का, हे यंत्राने पाहावं आणि नसेल तर तयार करावं. फक्त ‘मेक’ एक गोष्ट गृहीत धरायचं. हत्यारं मशिनवर आहेतच. पुन्हा तेच, ‘सगळ्यांकडे असतंच’.

कोठारं

हत्यारं दुरून आणायची सोय नव्वदच्या दशकात झाली. पर्ल या भाषेचे लोक आपापले तयार कोड एका ठिकाणी ठेवू लागले. १९९५ साली सुरू झालेल्या त्या कोठाराचं नाव सीपॅन. लिनक्सच्या डेबियन या परिवारात १९९९ च्या आवृत्तीत ‘ॲप्ट’ आलं. एक नाव सांगायचं, आणि त्या हत्याराला लागणारी इतर हत्यारंही ते स्वतःच शोधून आणायचं. रुबी भाषेचं रुबीजेम्स २००४ मध्ये आलं, नोड या जावास्क्रिप्टच्या मंचासाठीचं एनपीएम २०१० मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांसाठीचं न्यूगेट २०११ च्या सुरुवातीला.

कोठारं भरली तशी नवी पंचाईत झाली. मशिन एक, कामं दोन. जुन्या कामाला हत्याराची दुसरी आवृत्ती लागते, नव्याला तिसरी. तिसरी टाकली की जुनं काम मोडतं. शिवाय माझ्याकडे तिसरी आणि तुझ्याकडे दुसरी असेल, तर तोच कोड माझ्याकडे चालतो आणि तुझ्याकडे पडतो. ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात घासलेला विनोद इथून निघतो. ज्याच्या मशिनवर चालत नाही त्याला त्यात काही हसण्यासारखं वाटत नाही.

यावरचा उपाय रुबीवाल्यांच्या ‘बंडलर’ने २०१० मध्ये पक्का केला. काय हवंय ते एका फाईलमध्ये तुम्ही लिहायचं. बंडलर ते आणतं आणि प्रत्यक्षात नेमकी कोणती आवृत्ती आणली हे दुसऱ्या फाईलमध्ये स्वतः लिहून ठेवतं. या दुसऱ्या फाईलला लॉक म्हणतात. ती कोडबरोबरच साठवायची. पुढच्या माणसाने तेच काम उघडलं की त्याच्या मशिनवरही नेमक्या त्याच आवृत्त्या येतात. कमांड चालवताना पुढे ‘बंडल एक्झेक’ लिहिलं की मशिनवर इतर काहीही असो, चालतं ते यादीतलंच.

जावाच्या जगात ग्रेडल या हत्याराने आणखी एक पाऊल टाकलं. त्याने ‘रॅपर’ म्हणून एक छोटी स्क्रिप्ट कामाच्या फोल्डरमध्येच ठेवली. ती चालवली की ती आधी सोबतची फाईल वाचते, ग्रेडलची कोणती आवृत्ती हवी ते पाहते, नसेल तर आणते आणि मग खऱ्या ग्रेडलकडे काम सोपवते. नव्या माणसाने ग्रेडल इन्स्टॉलच करायचं नाही. अँड्रॉइड स्टुडिओत नवं अ‍ॅप सुरू केलं की ही स्क्रिप्ट आपोआप फोल्डरमध्ये येते. तुमच्या हातातल्या फोनवरची कितीतरी अ‍ॅप्स अशाच एका छोट्या स्क्रिप्टने स्वतःचं हत्यार स्वतः आणून बांधलेली आहेत.

परवानगीचा प्रश्न

माझं पोट डॉटनेटवर चालतं, म्हणून त्याची गोष्ट जरा सावकाश सांगते. तिथे या सगळ्याला नाव आहे ‘रिस्टोअर’. शब्द विचार करून निवडल्यासारखा आहे. रिस्टोअर म्हणजे नवं काही आणणं नव्हे, जे असायला हवं ते पूर्ववत करणं. यादी वाचायची, यादीतलं जे या मशिनवर नाही ते यादीत लिहिलेल्या आवृत्तीतच आणायचं, आणि सगळं असेल तर गप्प बसायचं. दहा वेळा चालवा, काम पहिल्याच वेळी होतं.

न्यूगेटने रिस्टोअर आणलं तेव्हा एक गमतीदार वाद उभा राहिला. २०१२ च्या न्यूगेट २.० मध्ये त्यांनी अट घातली, की रिस्टोअर करण्याआधी प्रोग्रामरने आपल्या मशिनवर एकदा स्पष्ट परवानगी दिलेली असली पाहिजे. कोड बांधता बांधता आपलं मशिन इंटरनेटवर जाऊन काहीबाही आणणार, हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे, असा विचार. लोक वैतागले. प्रत्येक नव्या मशिनवर काम अडायचं आणि कारण कळायचं नाही. पुढच्याच वर्षी, न्यूगेट २.७ मध्ये, परवानगी आधीपासून दिलेली आहे असं धरायला सुरुवात झाली. नको असेल त्याने जाऊन बंद करावी. मी २०१३ मध्ये जिथे लागले तिथे हे अजून पोचलं नव्हतं, आणि पोचलं असतं तरी माझं ते हत्यार न्यूगेटवर नव्हतंच.

२०१६ मध्ये डॉटनेट कोअर आलं. तेव्हाही आधी रिस्टोअरची कमांड हाताने द्यायची आणि मग प्रोग्राम चालवायचा. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून ‘चालव’ म्हटलं की रिस्टोअर मुकाट्याने आधी होऊ लागलं. पण ही सोय प्रोग्रामला लागणाऱ्या कोडपुरती होती. कमांड लाइनवरची हत्यारं वेगळी. ती २०१८ मध्ये ‘ग्लोबल टूल’ म्हणून आली, म्हणजे सबंध मशिनला एकच. पुन्हा जुनं दुखणं, मशिन एक आणि कामं दोन. २०१९ मध्ये ३.० आवृत्तीत ‘लोकल टूल’ आली. कामाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल, तिच्यात हत्याराचं नाव आणि आवृत्ती. पाचसात ओळींचा मजकूर. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मला टूल रूमची फळी आठवली. हुकावर बिल्ला होता.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. यादीतलं हत्यार रिस्टोअर न करता चालवायला गेलं, की डॉटनेट थांबून सांगतं, अमुक कमांड उपलब्ध करायला आधी रिस्टोअर चालवा. काय नाही हे त्याला माहीत आहे, ते कसं आणायचं हेही माहीत आहे, तरी ते तुम्हालाच पाठवतं. सरकारी कचेरीतल्या खिडकी क्रमांक चारची आठवण यावी असा अनुभव. मग जो तो दोन ओळींची स्क्रिप्ट लिहितो. पहिल्या ओळीत रिस्टोअर, दुसऱ्या ओळीत हत्यार चालव. नव्या मुलांना स्क्रिप्ट तेवढी चालवायला सांगायची.

आणलं आणि चालवलं

जावास्क्रिप्टवाल्यांनी या दोन ओळींची एकच केली. २०१७ च्या जुलैमध्ये एनपीएमबरोबर ‘एनपीएक्स’ येऊ लागलं. हत्याराचं नाव सांगा. मशिनवर असेल तर चालेल, नसेल तर ते आणून चालवेल. वापरून पाहिल्यावर जादूच वाटली.

पण त्याआधीच वर्षभर या जादूची दुसरी बाजू जगाने पाहिली होती. २०१६ च्या मार्चमध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रामरचा एका कोड-पॅकेजच्या नावावरून ‘किक’ या कंपनीशी वाद झाला. एनपीएमने नाव कंपनीला दिलं. चिडून कोचुलूने आपली सगळी पॅकेजेस कोठारातून काढून घेतली. त्यांत एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. अकरा ओळींचा कोड. काम एवढंच, की एखाद्या मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबी होईपर्यंत रिकाम्या जागा भरायच्या. बेबेलसारखी मोठमोठी हत्यारं इतर पॅकेजेसच्या साखळीतून त्या अकरा ओळींवर उभी होती. रिस्टोअर करायला गेलेली मशिनं जगभर पडू लागली. कुणीतरी तत्परतेने त्याच कामाचं पॅकेज त्याच नावाने १.०.० क्रमांकाने टाकलं, तरी पडझड थांबेना, कारण अनेकांच्या यादीत क्रमांक ०.०.३ असा नेमका लिहिलेला होता. शेवटी एनपीएमने काढून टाकलेली ती आवृत्ती काही तासांत स्वतःच परत ठेवली, आणि पुढे चोवीस तासांहून जुनं पॅकेज असं सहज काढता येणार नाही असा नियम केला. न्यूगेटच्या कोठारात आवृत्ती यादीतून लपवता येते, पण एरवी लेखकाला ती पुसून टाकता येत नाही, त्यामागेही हाच विचार आहे.

एनपीएक्स आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात दुसरा धडा मिळाला. ‘क्रॉस-एनव्ही’ नावाचं एक लोकप्रिय हत्यार होतं. मधली आडवी रेघ काढून ‘क्रॉसएनव्ही’ नावाने कुणीतरी बनावट पॅकेज टाकून ठेवलं होतं. घाईत रेघ विसरली की ते मशिनवर यायचं आणि मशिनवरची गुपितं बाहेर पाठवायचं. बोट चुकलं की चोर घरात. तीन वर्षांनी, २०२० मध्ये, एनपीएमच्या सातव्या आवृत्तीत एनपीएक्स थांबून विचारू लागलं, हे पॅकेज आणायचं आहे, चालेल ना? न्यूगेटने लोकांच्या वैतागामुळे जो प्रश्न काढून टाकला होता, तो इथे चोरांमुळे परत आला.

चौदा तारखेचं तेरा

आता माझा दुसरा धडा. २०२१ मध्ये मी दुसऱ्या एका कंपनीत होते. आम्ही तपासणी केंद्रांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवत होतो. सर्व्हर कोणती माहिती कोणत्या रूपात देतो याच्या वर्णनावरून अ‍ॅपसाठी कोड लिहून देणारं एक हत्यार आम्ही वापरायचो. नव्या मुलांनी माझ्यासारखं तीन दिवस अडून बसू नये म्हणून ती दोन ओळींची स्क्रिप्ट मीच लिहिली होती, आणि मला तिचा अभिमान होता. पहिल्या ओळीने हत्यार आणायचं, दुसऱ्या ओळीने चालवायचं.

पण पहिली ओळ रिस्टोअरची नव्हती. ती होती ‘अपडेट’ची. यादीतलं आण असं न म्हणता मी लिहिलं होतं, सगळ्यात नवीन असेल ते आण. यादी करायचा कंटाळा केला होता. नवीन ते चांगलंच असणार, असंही कुठेतरी वाटलं असेल.

एका रात्री त्या हत्याराची नवी मोठी आवृत्ती आली. पहाटे आमच्या बिल्ड सर्व्हरने रोजच्याप्रमाणे स्क्रिप्ट चालवली, नवं हत्यार आणलं, नवा कोड तयार झाला आणि अ‍ॅपबरोबर निघूनही गेला. नवी आवृत्ती नुसत्या तारखेलाही वेळ जोडून लिहायची. चौदा तारीख म्हणजे चौदा तारखेची मध्यरात्र. भारतातली मध्यरात्र जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीची साडेसहा संध्याकाळ असते. वेळेचा भाग कापला गेला आणि चौदाच्या अपॉइंटमेंट लोकांच्या फोनवर तेरा म्हणून दिसू लागल्या.

आमच्या सपोर्टच्या मुलीने मला जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. एक आजी तालुक्याहून पहाटेची एसटी पकडून, उपाशीपोटी, सोनोग्राफीला येऊन बसल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने त्यांना सांगितलं, तुमची तारीख उद्याची आहे. आजी फोन पुढे करून म्हणत राहिल्या, “यात आजची लिहिलीय हो.” त्यांच्या फोनमध्ये खरंच आजची होती.

मीटिंगमध्ये माझ्या तोंडात पहिलं वाक्य आलं ते, “हत्याराने वागणं बदललं.” ते खोटं नव्हतं. पण हत्याराच्या लेखकाने काही चोरून केलं नव्हतं. मोठी आवृत्ती म्हणून क्रमांक बदलला होता, बदलाची नोंदही लिहिली होती. ती वाचणारं कुणी नव्हतं, कारण वाचायच्या जागेवर मी स्क्रिप्ट बसवून ठेवली होती. खिडकीवरच्या काकांना घरी पाठवून मी खिडकी सताड उघडी ठेवली होती.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. यादीची फाईल केली, तिच्यात जुनी नेमकी आवृत्ती लिहिली, स्क्रिप्टमधला एक शब्द बदलला. ‘अपडेट’च्या जागी ‘रिस्टोअर’. मग तारखांची एक चाचणी लिहिली, जी अजूनही रोज पहाटे चालते.

यादी बांधली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. बांधलेली आवृत्ती म्हातारी होते, तिच्यात सापडलेली भोकं तशीच राहतात. म्हणून अपडेट करावंच लागतं. फक्त ते ठरवून, दिवसाढवळ्या, बदलांची नोंद वाचून, चाचण्या चालवून कुणीतरी नाव लावून करायचं. रिस्टोअर यंत्रावर सोपवावं, अपडेट माणसाने करावं. पन्नास वर्षांच्या या इतिहासातून मी स्वतःपुरतं एवढंच काढलं आहे.

काकांची जागा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डॉटनेट १० मध्ये अखेर ती दोन ओळींची स्क्रिप्ट एका शब्दात मावली. ‘डीएनएक्स’ म्हणायचं आणि हत्याराचं नाव द्यायचं. ते आणतं आणि चालवतं. २०१५ च्या सुमाराला डॉटनेटच्या सुरुवातीच्या खटपटीत याच नावाचं दुसरंच काहीतरी होतं. जुन्या लोकांना ते आठवून हसू आलं. मला मात्र त्याच्या दोन सवयी आवडल्या. कामाच्या फोल्डरमध्ये यादी असेल, तर ते यादीतलीच आवृत्ती घेतं. आणि नवं काही उतरवायच्या आधी विचारतं. ‘मेक’ची आठवण, बंडलरची यादी आणि एनपीएक्सला उशिरा सुचलेला प्रश्न, तिन्ही एका कमांडमध्ये.

प्रश्न विचारला की आपण वाचतो का, हा भाग वेगळा. अ‍ॅप टाकताना येणाऱ्या परवानग्या आपण सगळेच कसे पटापट देतो ते तुम्हाला माहीत आहे. माझंही बोट आधी ‘होय’कडे जातं.

युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेलं व्याख्यान १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्याने दाखवलं, की कोड बनवणारं हत्यारच बिघडवून ठेवलं तर कोड कितीही वाचला तरी त्यातली चोरवाट दिसणार नाही. जे पूर्णपणे स्वतः बनवलं नाही त्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही, असा त्याचा सूर होता. आणि पूर्णपणे स्वतः तर कुणीच काही बनवत नाही. बाबांनीही मायक्रोमीटर बनवला नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला होता. पण त्या विश्वासाला नंबर होता, तारीख होती आणि खिडकीवर एक माणूस होता.

बाबा आता निवृत्त आहेत. मागच्या दिवाळीत मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, आजींसकट. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून एक पितळी बिल्ला घेऊन आले. नोकरी सोडताना परत द्यायचा राहून गेलेला. मी म्हटलं, “म्हणजे एक हत्यार अजून तुमच्या नावावर असेल त्यांच्या वहीत.”

“नाही गं,” बाबा म्हणाले. “बिल्ला माझ्याकडे आहे म्हणजे हत्यार त्यांच्याकडे आहे. तो हुकावर असता, तर काळजी.”

तो बिल्ला आता माझ्या टेबलावर असतो. यावर्षी खंडेनवमीला फूल त्यालाच वाहीन म्हणते, आणि दुसरं त्या पाचसात ओळींच्या फाईलला. तिच्यावर फूल कसं ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. पण त्या दिवशी ती उघडून, एकेक ओळ आणि एकेक क्रमांक मोठ्याने वाचणार आहे.